समोरच्या संघाचा सामना बघताना

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा बाद पद्धतीची असली की पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा एखादाच सामना बघायला मिळतो. तो बघायला दोघं जा. एकाने चेंडूवर नजर ठेवायची, दुसऱ्याने चेंडूकडे बघायचंच नाही. सगळ्यांचे डोळे चेंडूमागे फिरले की स्क्रीन कोण लावतो, म्हणजे साथीदाराच्या बचावपटूची वाट अंगाने कोण अडवतो, शॉट सुटल्यावर बॉक्स आउट न करता, म्हणजे समोरच्याला पाठीने चेंडूपासून दूर न रोखता, नुसतं वर बघत कोण उभा राहतो, हे निसटतं.

पहिल्याने वहीत अर्ध्या कोर्टची चार चित्रं काढायची, प्रत्येक क्वार्टरला एक. 6.75 मीटरची तीन गुणांची रेषा ठळक हवी. शॉट पडला तर गोल, चुकला तर फुली, शेजारी जर्सी नंबर. ड्रिबल करत आत शिरला तर उजवीकडून ‘उ’, डावीकडून ‘डा’. दहापैकी नऊ वेळा ‘उ’ आला, की त्या गार्डच्या (चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूच्या) उजव्या बाजूला अर्धं पाऊल सरकून उभं राहायचं हे ठरलं. वॉर्मअपमधल्या शूटिंगवर मात्र जाऊ नका. अंगावर कोणी नसताना सगळ्यांचेच पडतात.

बचाव मॅन टू मॅन (प्रत्येकाला एक खेळाडू) की झोन (प्रत्येकाला एक जागा), हे कटर, म्हणजे चेंडूशिवाय आत पळणारा खेळाडू, सांगतो. तो बास्केटखालून पलीकडे पळाला आणि त्याचा बचावपटू मागोमाग गेला, तर मॅन टू मॅन. वाटेत दुसऱ्याकडे सोपवून जागेवर थांबला, तर झोन. स्क्रीनवर स्विच करणारे, म्हणजे आपापले खेळाडू अदलाबदल करणारे, संघ इथे फसवतात, म्हणून चेंडू तीन-चार वेळा समोरच्यांकडे आलेला बघूनच लिहा. पुढे दोघे, मागे तिघे असा 2-3 झोन असेल तर फ्री थ्रो रेषेजवळ मधोमध किती जागा सुटते ते पाहा. तिथे पास गेला की मागचा मधला पुढे येतो का? येत असेल, तर बास्केटखाली जागा झाली.

फाउलचा हिशेब वेगळा ठेवा. त्यांच्या उंच खेळाडूला पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की कोच त्याला बसवतो का, बदली कोण येतो, हे टिपा. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात, तेव्हा रेषेवर डळमळणाऱ्याचा नंबर माहीत हवा. प्रेस लावल्यावर (पूर्ण कोर्टभर दबाव टाकल्यावर) 8 सेकंदांत चेंडू अर्ध्या कोर्टच्या पुढे कोण आणतो, हेही बघा. पहिला गार्ड अडला तर दुसरा कोण? बऱ्याच संघांकडे दुसरा नसतोच.

खेळ लावताना दिलेली हाक ऐका. आपल्याकडे खानदेशात ती अनेकदा अहिराणीत असते, त्यामुळे कळते तरी.

उघड्या सिमेंट कोर्टवर ऑक्टोबरच्या दुपारी उन्हाकडे तोंड करून चुकलेले शॉट कच्चेपणात धरू नका. बाजू बदलल्यावरचा तक्ता ताडून पाहा. पहाटेच्या एसटीने शहाद्याहून आलेला संघ चौथ्या क्वार्टरला दमला, तर तो उद्याही दमेल असं नाही.

रात्री अख्खी वही खेळाडूंना वाचून दाखवली तर मैदानात काहीच आठवत नाही. तीनच गोष्टी द्या: कोणाला कुठल्या हाताला ढकलायचं, कोणाला बाहेरून शॉट घेऊ द्यायचा, आणि कोणाला बॉक्स आउट केल्याशिवाय सोडायचं नाही. सकाळी आपल्या राखीव खेळाडूंना समोरच्या संघाचे नंबर देऊन त्या संघाचे दोन नेहमीचे सेट (ठरलेल्या चाली) चालत चालत करून घ्या, दहा मिनिटं. धावत नको, पाय तापायच्या आत जागा डोक्यात बसायला हव्यात.