शाळेतील चुका आणि अपयश यांतून मुलांना शिकायला कशी मदत करावी

विदर्भातील एखाद्या गावच्या शाळेत मूल वहीत चुकले की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते: गुरुजी लाल शाईने फुली मारतात, किंवा मूलच घाईघाईने लिहिलेले खोडून टाकते. दोन्ही वेळा चुकीमागचा विचार कुणालाच कळत नाही आणि पुढचे शिकवणे अंदाजाने होते. प्राथमिक वर्गांतील मुलांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी म्हणूनच आधी चूक नीट वाचायला शिकले पाहिजे.

त्यासाठी चुकलेले उत्तर खोडू न देता त्यावर फक्त एक रेघ मारून नवे उत्तर शेजारी लिहायला सांगावे. मग रागाचा लवलेश न ठेवता विचारावे, “हे तू कसं केलं, सांग बरं.” हाच प्रश्न बरोबर उत्तरालाही अधूनमधून विचारावा, नाहीतर तो ऐकू आला की आपले चुकलेच, असे मूल धरून चालते.

समजा, मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिले. विचारल्यावर ते म्हणते, “दोनातून सात जात नाही, म्हून सातातून दोन काढले.” हे मूल निष्काळजी नाही, त्याने अडचण ओळखली आणि स्वतःचा एक नियम लावला, फक्त तो नियम चुकीचा आहे. अशा वेळी त्याच प्रकारची दहा गणिते घालून दिली तर चुकीचा नियमच पक्का होतो. त्याऐवजी तुराटीच्या (तुरीच्या वाळलेल्या झाडाच्या) बारीक काड्या घेऊन दहा-दहाच्या पाच जुड्या बांधाव्यात आणि दोन काड्या सुट्या ठेवाव्यात. त्यांतून सत्तावीस काड्या मागितल्या की मुलाला एक जुडी सोडावीच लागते. आता चार जुड्या आणि बारा सुट्या काड्या झाल्या, त्यांतून सात सुट्या आणि दोन जुड्या दिल्या की पंचवीस उरतात. जुडी मुलाने स्वतःच्या हाताने सोडावी, मोठ्यांनी सोडून दाखवू नये. त्यानंतर हेच उदाहरण पाटीवर मांडायला सांगावे आणि तसेच दुसरे एक, न आठवण करून देता, दोन-तीन दिवसांनी द्यावे. ते जमले तरच चूक सुटली असे समजावे.

सगळ्या चुका मात्र अशा नसतात. घरी वऱ्हाडी बोलणारे मूल “पानी” लिहिते, तेव्हा ते कानाने ऐकलेलेच प्रामाणिकपणे लिहीत असते. त्याच्या बोलीला नावे न ठेवता, घरी आपण असे म्हणतो आणि पुस्तकात “पाणी” असे लिहितात, एवढे सांगणे पुरेसे आहे. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी तर मराठी हीच नवी भाषा असते, त्यामुळे गणित चुकले तर आकडेमोड चुकली की प्रश्नच कळला नाही, हे आधी तपासावे. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडालेल्या मुलाचा तो धडाच राहून गेलेला असतो. त्याला बोलणी नकोत, राहिलेला धडा हवा.

चुकलेल्या मुलाला वर्गापुढे उभे करून त्याचे हसे करणे कोणत्याही कारणाने योग्य नाही. शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ मधील कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केलेली आहे. ज्याचे हसे झाले ते मूल पुढे प्रश्न विचारणेच सोडून देते, आणि घरी “शेजारचा पोरगा पाहा” असे ऐकावे लागले की वही लपवू लागते.

पाचवी आणि आठवीत हे अधिकच जपावे लागते, कारण याच कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना या दोन वर्गांत मुलाला मागे ठेवण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्रानेही ती स्वीकारली आहे. त्याच दुरुस्तीनुसार अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी मिळायला हवी, हे पालकांनी लक्षात ठेवून शाळेत विचारावे. उत्तरपत्रिका पाहण्याची विनंती करावी, मुलाला शेजारी बसवून कोणते प्रश्न सोडलेच नाहीत आणि कोणते सोडवून चुकले, हे वेगवेगळे लिहून काढावे. फेरपरीक्षेआधीचा हा काळ आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात येतो, म्हणून रोज सकाळी ऊन चढण्यापूर्वी अर्धा तास बसावे आणि एका बैठकीत एकाच प्रकारची चूक घ्यावी.