नळपाण्याची मोटर जळायची थांबली ती अशी

आमचं गाव साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हणजे पाण्याचं वेगळं सांगायला नको. जलजीवन मिशनमधनं (2019 ची केंद्राची योजना, माणशी रोज 55 लिटर) नळ आले, टाकी आली, पेढे बी वाटले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात मोटर तीनदा जळली. दरवेळी रिवाइंडिंग, दरवेळी वर्गणी, दरवेळी त्याच शिव्या.

शेवटी पाणी सोडणाऱ्या तात्यांबरोबर मीच विहिरीवर गेलो. स्टार्टरचं झाकण काढलं तर आत सिंगल फेज प्रिव्हेंटर (तीनपैकी एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) होता की, पण वायरचा तुकडा टाकून बायपास केलेला! तात्या म्हणाले, "आरं एक फेज गेला की मोटर बंद, मग बायका माझ्या दारात, म्हणून घेतलं जोडून." म्हणजे थ्री फेजची मोटर दोन फेजवर ओढत राहायची, करंट वाढायचा आणि वाइंडिंग खाक. त्यात एप्रिल-मेत विहिरीनं तळ गाठला की कोरडीच फिरायची.

तुकडा काढला, ड्राय रन प्रोटेक्शनवालं (पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं) पॅनेल बसवलं, मोटर टिकली.

खरं भांडण पैशाचं. पाणीपट्टी बाकीच्या खर्चात मुरायची, दुरुस्तीला काही उरायचंच नाही. ग्रामसभेत दोनदा खडाजंगी करून पाण्याचा पैसा वेगळ्या खात्यात टाकायला लावला आणि वसुली बचत गटाच्या बायकांकडे दिली, त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नाही.

शेवटच्या आळीला अजून पाणी कमीच, कारण वरच्या आळीत बिनतोटीचे नळ. तोट्या वाटल्या, आठवड्यात निम्म्या गायब.