बुडालेल्या संस्कृतीचा दावा कसा पारखावा

कोकणच्या सड्यांवरील, म्हणजे उघड्या सपाट कातळांवरील, कातळशिल्पांची (खडकात कोरलेल्या आकृत्यांची) छायाचित्रे मोबाइलवरून फिरू लागली, तेव्हापासून त्यांच्यासोबत दावेही फिरत आहेत. कोणी ती परग्रहवासीयांची खूण मानतो, तर कोणी समुद्रात गडप झालेल्या एखाद्या प्रगत राज्याची. असा दावा हसण्यावारी नेऊ नये आणि तसाच पुढेही धाडू नये. आधी त्यातला सिद्ध झालेला भाग आणि त्याला जोडलेला भाग वेगळे करावेत.

समुद्र चढला, हा भाग सिद्ध आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, जगभरातील समुद्रपातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. म्हणजे कोकणचा किनारा तेव्हा बराच पश्चिमेला होता आणि तेथे माणसे वावरली असणे सहज शक्य आहे. भूशास्त्रज्ञांना हे मान्य आहे. मात्र जमीन बुडाली म्हणून त्यावर शहर होते असे ठरत नाही. शहराचा पुरावा स्वतंत्रपणे मागावा.

तो पुरावा बहुधा ‘पाण्यातली भिंत’ म्हणून दाखवला जातो. येथे घाई करू नये. रायगडच्या किनाऱ्यावर, विशेषतः कोर्लई-मुरूड भागात, बेसॉल्टच्या भित्ती आढळतात: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला त्या काळात उभ्या भेगांत शिलारस शिरून थिजला आणि भोवतालचा खडक झिजल्यावर त्या उघड्या पडल्या. थिजताना तडे गेल्यामुळे त्यांचे ठोकळे पडतात आणि ते एकावर एक रचल्यासारखे दिसतात. ओहोटीला जवळ जाऊन पाहावे. ठोकळ्यांच्या फटी बाजूच्या कडांना काटकोनात असतील, कडेचा दगड मधल्यापेक्षा बारीक कणांचा असेल आणि तोच पट्टा पुढे डोंगरातही घुसत असेल, तर ती निसर्गाची करणी समजावी. माणसाने बांधलेल्या भिंतीत छिन्नीचे घाव, चुना, पाया, निदान आसपास खापरे यांपैकी काहीतरी सापडण्याची अपेक्षा असते.

यानंतर वयाकडे वळावे, कारण बहुतेक दावे येथेच घसरतात. खंभातच्या आखातात बुडालेले शहर सापडल्याची घोषणा 2001 मध्ये झाली, पुढे त्या दाव्याचा मोठा आधार ठरला समुद्रतळातून उपसलेला, सुमारे 9,500 वर्षे जुना ठरलेला लाकडाचा तुकडा. सेंद्रिय अवशेषांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजणाऱ्या कार्बन-14 पद्धतीने झाड कधी मेले हे कळते. ते कोणी वापरले का, हे कळत नाही. त्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ आणतात आणि भरती-ओहोटीचा जोर भयंकर असतो, त्यामुळे मूळ थरातून न काढलेली वस्तू तेथे कोठूनही आलेली असू शकते. म्हणून ‘किती जुने?’ असे विचारण्याआधी ‘नेमके कशाचे वय मोजले आणि ते कोणत्या थरात होते?’ असे विचारावे.

कातळशिल्पांचे वय याहून अवघड आहे. जांभा दगडावरील खोदरेषेत सेंद्रिय पदार्थ नसल्याने तिला कार्बन-14 थेट लावता येत नाही. आसपासची दगडी हत्यारे आणि आकृत्यांतील प्राणी यांवरून अंदाज बांधावा लागतो. एकच ठाम आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याला तो कसा काढला हे अवश्य विचारावे, मग तो तज्ज्ञ का असेना.

रत्नागिरी जिल्ह्यातील देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाच्या आकृतीजवळ होकायंत्र भरकटते, हे गूढशक्तीचे प्रमाण म्हणून सांगितले जाते. जांभ्यात लोह भरपूर असते आणि वीज पडल्याने असा खडक चुंबकित होऊ शकतो. तेव्हा होकायंत्र आकृतीपासून दूर, कोऱ्या कातळावरही जागोजागी ठेवून पाहावे. तेथेही सुई हलली, तर आकृतीचा संबंध उरत नाही. दावा करणाऱ्याने ही साधी चाचणी केलेली नसेल, तर त्याचे उरलेले म्हणणेही सावधपणे ऐकावे.

‘प्रस्थापित शास्त्रज्ञ बाहेरच्यांचे ऐकत नाहीत’ हा युक्तिवाद कोकणात तरी फारसा टिकत नाही. येथील कातळशिल्पांचा मोठा शोध सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे या पेशाने पुरातत्त्वज्ञ नसलेल्या मंडळींनी पायपीट करून, गावकऱ्यांना विचारत घेतला, आणि 2022 मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी यांसारखी ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांनी जागा दाखवल्या, नोंदी ठेवल्या. कोणालाही सड्यावर जाऊन त्या पडताळता येतात.

आपल्याला काही आढळल्यास रेषांत खडू किंवा रंग भरू नये, माती खरवडू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेचे अक्षांश-रेखांश लिहावेत आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवावे. अर्थ कोणता असेल हे पत्रात लिहायचेच असेल, तर निरीक्षणांपासून वेगळ्या परिच्छेदात लिहावे.