मराठी शाळेच्या काकूंचा सत्कार करायचा आहे?

आमच्या न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी शाळेत पिढ्यांना बाराखडी गिरवायला लावणाऱ्या काकू यंदा निवृत्त झाल्या. सत्काराचं काम माझ्याकडे होतं. तुमच्या मंडळातही अशा कुणी काकू असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

काकूंना अचानक चकित करायला जाऊ नका. आधी घरी जाऊन भेटा आणि कुणाला बोलवायचं ते त्यांनाच विचारा. ज्यांच्या तळघरात पहिले वर्ग भरले ते कुटुंब, आजारपणात वर्ग सांभाळणाऱ्या मैत्रिणी, ही नावं कार्यकारिणीच्या यादीत नसतात.

तारखेला २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, सगळ्यांना सुचतो. पण इथे तेव्हा बर्फ असतो, लांबचे विद्यार्थी अडकतात. गुरुपौर्णिमेला निम्मी घरं भारतात. मेच्या मध्याला कॉलेजची मुलं घरी परततात. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या जोडून सुट्टीचा शनिवार-रविवार टाळून त्याच सुमाराचा रविवार धरा.

सर्वांत जास्त वेळ मानपत्राला द्या, निदान तीन महिने. ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’ छापाचा मजकूर कुणाच्याही नावावर खपतो, तो नको. जुन्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न पाठवा: काकूंनी शिकवलेलं कधी कामी आलं? आमच्या एका मुलीने लिहिलं की साताऱ्यातल्या आजोबांची नजर गेल्यावर ती फोनवरून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. एक जण डॉक्टर आहे. लेकीकडे आलेल्या मराठी आजींना नेमकं कुठे दुखतंय ते त्याला दुभाष्याशिवाय कळलं. अशी वाक्यं जशीच्या तशी घ्या. त्यांची मराठी दुरुस्त करायचा मोह होईल, आवरा. ती मराठी काकूंनी घडवलेली आहे. छपाईला फॉन्टसह पीडीएफ द्या आणि नमुना प्रत स्वतः वाचा, कारण इथल्या दुकानात जोडाक्षरं सुटी होऊन येतात.

दुसरं मोठं काम त्यांच्या कपाटातलं. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आपली माणसं मोठ्या संख्येने इथे येऊ लागली, तेव्हा मुलांच्या हाती द्यायला इथे मराठी पुस्तक कुठलं? बालभारतीची पुस्तकं सूटकेसमधून यायची, बाकी सगळं शिक्षिकांनी हाताने केलं. पुठ्ठ्याची अक्षरं, हस्तलिखित गृहपाठ, नाटुकल्यांच्या वह्या हे सगळं त्यांच्या परवानगीने स्कॅन करा. फिलाडेल्फियात २००८ पासून ‘साडा’ ही दक्षिण आशियाई अमेरिकनांचा इतिहास डिजिटल रूपात जपणारी संस्था आहे, तिच्याकडे विचारणा करा. जोडीला काकूंची तासभर मुलाखत ध्वनिमुद्रित करा, मराठीतच. पहिल्या वर्गात कोण होतं, जागा कुठली, कोणत्या वर्षी शाळा बंद पडता पडता राहिली, हे विचारा.

शाल-श्रीफळ तर हवंच. इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं. कार्यक्रम दीड तासाचा ठेवा, पदाधिकाऱ्यांतून एकच भाषण. मानपत्र विद्यार्थ्यांनी वाचावं. आम्ही काकूंच्या जुन्या हजेरीपटांतली नावं पुकारली आणि तिशी-चाळिशीतली माणसं उभी राहून ‘हजर’ म्हणाली. हे जरूर करा, शंभर हार त्यापुढे फिके आहेत.

थैली देणार असाल तर ती कशासाठी हे काकूंना ठरवू द्या. आमच्या काकूंनी पुस्तकांसाठी निधी मागितला. मंडळ करमुक्त संस्था असेल तर देणग्या मंडळाच्या नावे घ्या, देणाऱ्यांना पावती मिळते.

आणि वारसदार आधी शोधा. दोन पालकांना जानेवारीपासूनच काकूंच्या वर्गात बसवा, व्यासपीठावर त्यांची नावं जाहीर करा, सप्टेंबरच्या नव्या वर्गांची तारीख सांगा. नोंदणीचे अर्ज त्याच दिवशी दाराशी ठेवा. आमच्याकडे काही जुन्या विद्यार्थ्यांनी तिथेच आपल्या मुलांची नावं घातली.