सायकॉलॉजीच्या एम.ए.ला अर्ज करताय? कोकणातल्या मुलामुलींनो, या चुका टाळा

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत, मानसशास्त्रात एम.ए. करायचंय असं म्हणणारी मुलं आता बरीच भेटतात. याचा मला मनापासून आनंद आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, पण तालुक्यांच्या गावी या कामासाठी शिकलेली माणसं अजून कमीच. म्हणूनच एखाद्या हुशार मुलीचं वर्ष नुसत्या अर्जाच्या घोळात गेलेलं बघवत नाही.

‘निकाल लागू दे, मग बघू’

घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ अशा ठिकाणी जायचं तर सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज हिवाळ्यातच सुटतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. तेव्हा टीवायचा निकाल कुठे लागलेला असतो? शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज भरायचा असतो आणि तशी मुभाही असते. पेपरात ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं तर १ वजा. त्यामुळे अंदाजपंचे सगळ्याच प्रश्नांची उत्तरं देऊन येऊ नका.

अर्ज नेट कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा मेल टाकलेला असला की प्रवेशपत्र, दुरुस्तीची सूचना, ओटीपी सगळं त्याच्याकडे जातं आणि तुम्ही घरी वाट बघत बसता. असं झालंच असेल, तर अर्जदुरुस्तीची खिडकी उघडते त्या दिवसांत काय काय बदलता येतं ते लगेच तपासा.

सीयूईटी हुकली म्हणजे सगळं संपलं असं नाही. राज्यातल्या विद्यापीठांचे बरेचसे प्रवेश पदवीच्या निकालानंतर होतात. मात्र तेव्हा ऐन पाऊस असतो. वीज जाते, नेटवर्क जातं, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते. शेवटच्या तारखेच्या रात्री फी भरायला बसू नका. विद्यापीठाची नोंदणी वेगळी आणि कॉलेजचा किंवा विभागाचा अर्ज वेगळा असतो का, हेही विचारून घ्या. एकच भरून निवांत बसलेली मुलं दरवर्षी असतात.

पुढे काय व्हायचंय, ते आधी

माझ्या मते खरी चूक इथे होते. एम.ए. झालं की आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, असं मुलंच नाही, पालकही धरून चालतात. तसं नाही. त्या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही पदव्युत्तर पदवीवर थांबत नाही. आजवरचा रूढ रस्ता एम.ए.नंतर दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. एम.फिल. बंद करताना विद्यापीठ अनुदान आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली. म्हणजे चार वर्षांपूर्वी शिकलेल्या ताईचा सल्ला प्रेमाचा असला तरी आज जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रम आणि संस्था बघा, तिथल्या अटी वाचा आणि मग एम.ए. कुठे करायचं ते ठरवा. एम.फिल.ला एम.ए.त खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्क्यांची अट होती. तेव्हा ‘पास झालो की झालं’ हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट दूरशिक्षणाची. घर सोडता येत नाही, आईवडील एकटे आहेत, बागेची जबाबदारी आहे, अशा कितीतरी मुलांना हा मोठा आधार होता. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश द्यायला आयोगाने मनाई केली आहे. तरीही कुणी ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ म्हणून पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

पात्रतेची ओळ पूर्ण वाचा

काही विद्यापीठं कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतात, काहींना पदवीला मानसशास्त्र लागतं. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत टीवायला सहाही पेपर मानसशास्त्राचे घेतलेले असायचे किंवा तीन-तीन पेपरांचे दोन विषय असायचे. तीन पेपरवाल्यांनी आपण बसतो का, हे विभागाला लेखी विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. संख्याशास्त्र आणि प्रात्यक्षिकं झाली असतील तर तो अभ्यासक्रम सोबत ठेवा. सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतर कसं होतं, त्याचं विद्यापीठाचं पत्रकही.

कागदपत्रांचं थोडक्यात: नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते का ते बघा. मुंबईहून पुण्याच्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. आधार आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा.

अर्जातलं मनोगत आणि मुलाखत

‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडतं, सगळे माझ्याकडे मन मोकळं करतात.’ असे अर्ज ढिगाने येतात आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘आमच्या वाडीत बहुतेक घरांतली तरुण माणसं मुंबईला आहेत. गणपतीनंतर चाकरमानी परतले की म्हाताऱ्या माणसांची झोप, जेवण, बोलणं कसं बदलतं, हे मी पाहत आले. एकटेपणा आणि नैराश्य यांतला फरक मोजायचा कसा, हे मला शिकायचंय.’ यात तुमचं गाव आहे, निरीक्षण आहे आणि प्रश्नही आहे.

मात्र शेजारच्या काकूंच्या आजाराची हकीकत ओळख पटेल अशी लिहू नका. छोट्या वाडीत नाव न घेताही सगळं कळतं, आणि गोपनीयता हा या पेशाचा पहिला नियम आहे.

मुलाखतीत कौल लावणं, गाऱ्हाणं, अंगात येणं यावर प्रश्न आला तर ‘सगळी अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होऊ नका. माणूस आधी देवळात का जातो, त्याला तिथे काय मिळतं आणि उपचाराला उशीर कुठे होतो, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर आजीला विचारा, आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना विचारा, आणि ते आपल्या शब्दांत लिहून काढा.