पुढचा शॉकअप बदलायचा? काढणं-लावणं घरी करा, स्प्रिंग तेवढी दुकानात दाबून आणा

गावातून महामार्गाला लागायला आम्हाला ६ किलोमीटरचा एकपदरी डांबरी रस्ता आहे. खाली सगळी काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मग वरचं डांबर किती दिवस टिकणार. त्यात समोरून एसटी नाहीतर कापसाची ट्रॉली आली की आपणच डावीकडची चाकं साइडपट्टीवर उतरवायची, तिथे डांबर अन् मातीत वीतभर फरक, धाडकन. म्हणून माझ्या ह्युंदाई आय-टेनचा डावा शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारी तेलाची नळी, आधी गेला, उजवा त्याच्या मागून. तूर घरात आली की दोन दिवस काढले अन् पुढचे दोन्ही शॉकअप अंगणातच बदलले. हे दुसऱ्यांदा केलं म्हणून सोपं गेलं, पहिल्यांदा केलं होतं तेव्हा निम्म्या गोष्टी उलट्या केल्या होत्या, त्याही सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे काम म्हणजे दहा-बारा नट-बोल्टचं काम आहे, ज्याला ट्रॅक्टरचं चाक खोलता येते त्याला हे जमते. पण शॉकअपभोवतीची जी जाड स्प्रिंग आहे नं, ती वेगळी गोष्ट. गाडीच्या एका कोपऱ्याचं दोन-अडीच क्विंटल वजन ती पेलून राहिली, अन् चाक हवेत लटकलं तरी ती पूर्ण मोकळी होत नाही, दबलेलीच असते. तिच्या वरच्या टोकाला मधोमध जो मोठा नट असते तो स्प्रिंग न दाबता खोलला तर ती सुटून तोंडावर येते, हात-जबडा काहीही जाऊ शकते. म्हणून माझी पद्धत अशी की शॉकअप अख्खा स्प्रिंगसकट घरी काढायचा, पोत्यात घालून मोटरसायकलवर तालुक्याला न्यायचा, तिथे मशीनवर स्प्रिंग दाबून नवा शॉकअप बसवून घ्यायचा अन् घरी येऊन आपणच लावायचा. मजुरी फार लागत नाही.

आपण शॉकअप म्हणतो, पुस्तकात स्ट्रट. मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची ही १९४० च्या दशकातली कल्पना, आपल्याकडे मारुती ८०० पासून बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हाच प्रकार. बोलेरोवाल्या भावांनी हे वाचून पाना उचलू नका, तुमचं पुढचं काम वेगळं आहे.

आता शॉकअपच गेला का ते पाहा, काऊन की निम्म्या वेळा टकटक वाजते दुसरंच काहीतरी. बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबायची अन् सोडायची. वर येऊन जागेवर थांबली तर ठीक, दोन-तीन हिंदोळे खाल्ले तर शॉकअप कामातून गेला. मग चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारा, नळीवर तेलाचा ओघळ अन् त्यावर धुळीचा थर बसला असेल तर वेगळं पाहायची गरज नाही, नुसता थोडा ओलसर डाग असेल तर घाई करू नका. टायरवरून तळहात फिरवा, जागोजागी खड्डे पडल्यासारखे लागले तर तेही शॉकअपचंच लक्षण. पण दाबून गाडी नीट थांबते, तेल कुठेच नाही, अन् बारीक खड्ड्यात टकटक होते, तर लिंक रॉड (गाडी वळणावर कलू न देणाऱ्या बारला जोडणारी दांडी) नाहीतर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा, रबरी बुश पाहा, तो स्वस्तात होते. आणि उभ्या गाडीचं स्टेअरिंग कोणाला तरी फिरवायला सांगून स्प्रिंगवर हात ठेवला अन् स्प्रिंग झटका देत टंग करून वाजली, तर वरच्या माउंटिंगचं, म्हणजे शॉकअप वर बॉडीला धरणाऱ्या रबरी बैठकीचं, बेअरिंग गेलं समजा.

सामान आणताना दोन्ही बाजूंचे शॉकअप घ्या. एक नवा एक जुना लावला की गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते अन् पैसे वाचवले म्हणून आपण खूश. डावा-उजवा वेगळा असते, दुकानातच खोका उघडून पाहा, जुन्याचा फोटो सोबत न्या, ब्रेक पाइपची पट्टी अन् बोल्टची भोकं जुळली पाहिजे. सोबत माउंटिंग, बेअरिंग, आतला रबरी बंपर अन् धुळीचं कव्हर हेही घेऊन टाका. मी पहिल्यांदा जुनंच माउंटिंग परत लावलं अन् सहा महिन्यांत सगळं पुन्हा खोललं.

आदल्या संध्याकाळी खालच्या दोन बोल्टवर अन् लिंक रॉडच्या नटवर डब्ल्यूडी-४० नाहीतर गंज सोडायचं जे तेल मिळते ते भरपूर मारून ठेवा. आमच्या धुळीत अन् चिखलात हे नट गंजून एकजीव झालेले असते. ब्रेकच्या डिस्कवर मात्र उडू देऊ नका. मे महिन्यात करणार असाल तर सकाळी ६ ला सुरू करा, ४५ डिग्रीत १० नंतर पान्याला हात लावता येत नाही.

गाडी सिमेंटच्या अंगणात घ्या. मातीचंच अंगण असेल तर जॅकखाली जाड सागाची फळी ठेवा, नाहीतर जॅक काळ्या मातीत हळूहळू बसते अन् आपल्याला कळत नाही. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्हीकडून मोठे दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा, आय-टेनला २१ चा पाना लागते. मग गाडी उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी जॅक स्टँड) लावा, त्या घोड्यांवर गाडीचं वजन घ्या, जॅकवर भरोसा ठेवून कोणीही काम करू नका. विटा लावू नका, सिमेंटचे ब्लॉकही नाही, ते वाकत नाही, एकदम फुटते. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. आमची गाडी रात्रभर घोड्यांवर उभी होती, तर भोवती दोन बाजा आडव्या लावल्या, शेळ्या अन् पोट्टे दोघांसाठी.

बोनेट उघडा. आय-टेनला वर गोल ठिकाणी तीन नट दिसते अन् मधात टोपीखाली चौथा मोठा. तो मधला म्हणजेच स्प्रिंगचा नट. मी त्याला नेलपॉलिशने लाल रंगवून ठेवला, सोबत पुतण्या कामाला होता अन् त्याला पाना दिसला की फिरवायची सवय. काकाजी येऊन पाहून गेले, म्हणे, "थो एकच काऊन लाल केला बे, लगीन हाय का त्याचं?" हसा, पण रंगवा. काही गाड्यांना वर मधोमधच नट असते, तिथे कोणता नट गाडीला धरून आहे अन् कोणता स्प्रिंगला हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. तीन नट आता सैल करू नका, ते सगळ्यात शेवटी.

चाक काढलं की आधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा, वायर कुठून गेली, पाइप कुठून गेला. शॉकअपला अडकवलेली ब्रेकच्या रबरी पाइपची पट्टी सोडवा, एबीएसची वायर असेल तर तिची क्लिप सोडवा, फक्त पट्टी अन् क्लिप बरं का, ब्रेक पाइपचा जॉइंट खोलायचा नाही, नाहीतर हवा शिरते अन् मग ब्रेक ब्लीड करत, म्हणजे ती हवा काढत बसा. लिंक रॉड शॉकअपला जोडलेला असेल तर त्याचा नट काढा, त्याची गोळी सोबत फिरते, म्हणून टोकाला एलन की (षटकोनी चावी) घालून धरायचं अन् नट पान्याने फिरवायचा.

आता खालचे दोन मोठे बोल्ट, शॉकअपला नकलशी जोडणारे. नकल म्हणजे ज्यावर चाक अन् ब्रेक बसते तो लोखंडी भाग. यांच्यापाशी घाई नको. शॉकअपच्या पट्टीवर अन् नकलवर दोन्हीवरून जाईल अशी खुणेची रेघ मारा, मी खिळ्याने ओरखडली, खडू पुसते. या बोल्टांच्या डोक्याखाली बऱ्याचदा बारीक दाते असते, ते पट्टीत रुतलेले असते, म्हणून बोल्टचं डोकं धरून ठेवायचं अन् फिरवायचा नट. १७ अन् १९ दोन्ही पाने जवळ ठेवा. निघत नसेल तर पान्यात पाइप घालून लांबी वाढवा, गाडी हलवून पाहा घोडीवर पक्की आहे का, मगच जोर. नट निघाला की पूर्ण काढू नका, बोल्टच्या टोकाशी बरोबरीत आणून ठेवा अन् त्यावर हातोडीने ठोका, उघड्या आट्यांवर ठोकलं तर आटे पसरते अन् बोल्ट भंगारात.

दुसरा बोल्ट निघायच्या आधी लोअर आर्मखाली जॅक हलका टेकवा अन् नकलला दोरी बांधून स्प्रिंगच्या वेटोळ्याला ओढून घ्या. हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. बोल्ट निघाला तसा नकल डिस्क-कॅलिपरसकट धप्पकन बाहेर कलंडला, ब्रेकचा पाइप ताणून सतारीच्या तारेसारखा झाला, अन् जरा आणखी ओढला असता तर आतून ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट निसटून गिअर ऑइल सगळं अंगणात. गोठ्यातलं बैलाचं दावं आणून बांधलं तेव्हा जीवात जीव आला. यावेळी दावं आधीच जवळ होतं. शॉकअप काढताना हीच दोरी सोडून वर बॉडीला बांधून घ्या.

आता वरचे तीन नट. दोन पूर्ण काढा, तिसरा सैल करताना एका हाताने खालून शॉकअप धरा, किंवा पुतण्याला धरायला लावा. जड असते. माउंटिंगची कोणती बाजू बाहेर आहे त्याची खूण करा, मग खाली-बाहेर ओढून काढा.

दुकानात पोरगा स्प्रिंग दाबत असताना तिथेच उभे राहा. पाच गोष्टी पाहायच्या. मशीन नसून हाताचे दोन कंप्रेसर असतील तर ते समोरासमोर लागले का, अन् आलटून पालटून थोडे थोडे फिरवून राहिला का. वरचा नट स्प्रिंग सीटवरून (ती टेकते त्या ताटलीवरून) मोकळी झाल्यावरच खोलला का. नवा शॉकअप उभा धरून दांडा तीन-चार वेळा पूर्ण खाली-वर केला का, नवा माल आडवा पडून असते, आत हवा अडकलेली असते ती निघते. चकचकीत दांडा पकडीने धरला नाही नं, एक ओरखडा पडला की सील कापते अन् नवा शॉकअपही गळायला लागते. अन् शेवटची, स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या खाचेत बरोबर टेकलं का. पहिल्या खेपेला हीच चूक झाली होती, मी चहा प्यायला गेलो अन् टोक खाचेच्या बोटभर अलीकडे राहिलं. घरी लावून गाडी काढली तर प्रत्येक वळणावर टण. सगळं पुन्हा खोलून पुन्हा पोत्यात.

लावताना क्रम उलटा. आधी वरचे तीन नट हाताने चार आटे, मग खाली नकल आत ढकलून, जॅकने थोडा वर-खाली करून भोकं जुळवायची. पहार घालून सरकवा, पण बोल्ट ठोकून घुसवू नका, भोकं जुळली की बोल्ट हाताने जाते. ज्या दिशेने निघाला त्याच दिशेने घाला, रेघेला रेघ जुळवा, मग आवळा. आवळायच्या जोराचा (टॉर्कचा) आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, वरच्या नटला कमी लागते, खालच्या बोल्टला त्याहून बरंच जास्त. वरचे नट खालच्या हिशोबाने आवळले तर तुटून हातात येते. जोर मोजून आवळायचा टॉर्क पाना ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमधून तासाभरासाठी मागून आणला मी. चाकाच्या नटला आय-टेनमध्ये ९ ते ११ किलोग्रॅम-मीटर जोर सांगितला आहे, म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर २० किलोच्या आसपास, आख्खं शरीर घेऊन त्यावर उभं राहायचं काम नाही.

ब्रेकची पट्टी, वायर, लिंक रॉड सगळं जागेवर आलं का ते फोटोशी ताडून पाहा. चाक लावायच्या आधी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा अन् पाइप पिळत नाही, कुठे घासत नाही हे डोळ्याने पाहा. गाडी खाली घेऊन बोनेट दाबून पाहा, मग ब्रेक दोनदा दाबून गल्लीतूनच फेरी.

कितीही रेघेला रेघ जुळवली तरी चाकाचा कोन थोडा हलतोच, शॉकअपच इथे चाकाला उभं धरून असते नं. तर हळू चालवत तालुक्याला जाऊन अलाइनमेंट करून घ्या, नवे टायर घातले असतील तर आधी तेच. शे-दीडशे किलोमीटरनंतर चाकाचे अन् वरचे नट पुन्हा एकदा तपासले मी, एक चाकाचा नट पाव आटा बसला.

जुने शॉकअप दारामागे पडून होते. काकाजींना त्यातली नळी कापून कोळपणीच्या डवऱ्याला काहीतरी लावायचं होतं, वेल्डिंगवाल्याकडे घेऊनच निघाले होते, रस्त्यातून परत आणले. आत तेल असते अन् बऱ्याच शॉकअपमध्ये दाबलेला गॅस, त्याला गॅस कटर लावला तर फुटू शकते. भंगारवाल्याला तसेच अख्खे दिले, गॅस आहे म्हणून सांगून. स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या आहेत, त्या बसलेल्या नव्हत्या. माउंटिंगचं जुनं रबर काकाजी घेऊन गेले, ते आता त्यांच्या बाजेच्या एका पायाखाली आहे.