नाजूक बाळ घरी आलंय, आता नातेवाईकांनी नक्की काय करायचं

एनआयसीयूतून, म्हणजे कमी दिवसांच्या किंवा आजारी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, डिस्चार्ज मिळाला म्हणजे बाळ ठणठणीत झालं असं बऱ्याच नातेवाईकांना वाटतं आणि ग्रुपवर पेढे कधी म्हणून विचारणा सुरू होते. इकडे घरात काय असतं, तर दोन किलोच्या आतबाहेरचं बाळ, नाकात दुधाची नळी, कोपऱ्यात घूं घूं करणारं ऑक्सिजनचं मशीन, दर दोन-तीन तासांनी फीड, आणि तिकडे नर्सेस तीन शिफ्टमध्ये जे करत होत्या ते सगळं आता सिझरचे टाके ओले असलेली आई आणि सुट्टी संपत आलेला बाबा असे दोघंच करणार. त्यांना काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, त्यामुळे मी त्यांच्यासाठी लिहीत नाहीये, हे मावश्या, काका, शेजारी, ऑफिसातली मंडळी यांच्यासाठी आहे.

पहिलं म्हणजे "काही लागलं तर सांग हं" हे म्हणणं बंद करा. सांगणार कोण आणि कधी? दोन फीडच्या मध्ये जो पाऊण तास मिळतो त्यात ती दूध पंप करेल, बाटल्या उकळेल का तुम्हाला काम शोधून देईल? त्यापेक्षा सरळ मेसेज टाका, "मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी डबा दाराबाहेर ठेवते, बेल मारणार नाही, डबे परत द्यायची घाई नाही." डब्यात एका हाताने खाता येईल असं काहीतरी हवंच, दशम्या, पराठ्याचे रोल, उकडलेली अंडी, हळिवाचे नाहीतर डिंकाचे लाडू, कारण रात्री तीनला पंपिंग करताना जी भूक लागते ती भयंकर असते आणि तेव्हा वरणभात कोण कालवत बसणार. डब्याशिवायही कामं ढीगभर असतात, दुपटी आणि लंगोट धुऊन वाळवून घड्या घालून देणं, मेडिकलमधून औषधं, ऑक्सिजन मशीनच्या पाण्याच्या बाटलीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणणं, मेडिक्लेमचे कागद जमवणं, मोठं भावंड असेल तर त्याची शाळेची नेआण. यातलं एक उचला आणि तेच नेमाने करा.

बाळ बघायला जाणं हा आपल्याकडचा मोठा विषय. माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने नकोच, बारसं पुढे ढकललं तर काही आकाश कोसळत नाही. आईबाबांनी स्वतःहून बोलावलं तर जा, पण घरात कोणालाही सर्दी, खोकला, ताप असेल तर नाही, लहान मुलांना घेऊन नाही, सिगरेट ओढून तर अजिबात नाही. आत गेल्यावर अंगठ्या-बांगड्या-घड्याळ काढून कोपरापर्यंत साबणाने नीट हात धुवायचे, पापा घ्यायचा नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही आणि अर्ध्या तासात उठायचं. ग्रुपवरून आठवलं, घरातल्या एकाच माणसाला बातमीदार करा, आत्या म्हणा, काका म्हणा, वजन किती वाढलं, डॉक्टर काय म्हणाले हे रोज एकदा तो टाकेल आणि बाकीच्यांनी आईला फोन करायचे नाहीत. याने जेवढा फरक पडतो तेवढा दहा साड्यांनी पडत नाही.

आता आजी. आजीला दुखवून चालत नाही आणि तिचं सगळं ऐकूनही चालत नाही. ओवा-वावडिंगाची धुरी, शेगडीचा शेक, गुटी, मधाचं बोट, काजळ, ग्राइप वॉटर, कानात तेल, यातलं काहीच या बाळाला नको, धुरी तर मुळीच नको कारण कच्च्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निखारा म्हणजे आगीला आमंत्रण. पण नुसतं नको नको म्हटलं की आजी रुसते, म्हणून तिला काम द्या, आणि ते आहे कांगारू केअर. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून छातीशी उभं धरायचं, कातडीला कातडी, वरून दुपटं नाहीतर पट्टा बांधायचा. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटामध्ये काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं, आता डब्ल्यूएचओ सांगतं की कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना हे दिवसातून ८ ते २४ तास, जेवढं जास्त जमेल तेवढं द्या. एवढे तास एकटी आई कुठून आणणार, बाबा आणि आजी लागतातच. नळी, ऑक्सिजन चालू असेल तर कसं धरायचं ते आधी नर्सकडून बघून घ्या.

दुसरी गोष्ट जी कोणी करत नाही पण सगळ्यात जास्त उपयोगी आहे, ती म्हणजे डिस्चार्जच्या आधी आईबाबांशिवाय अजून एका माणसाने हॉस्पिटलमध्ये जाऊन नळीचं फीड शिकून घेणं. नर्ससमोर स्वतःच्या हाताने करून दाखवायचं, यूट्यूबवर बघून नाही. नळी जागेवर आहे ना हे दर फीडच्या आधी त्यांनी शिकवलंय तसं तपासायचं, बाळाचं डोकं वर ठेवायचं, सिरिंजचा दट्ट्या काढून दूध आपलं आपण उतरू द्यायचं, वरून दाबून ढकलायचं नाही, बाळ खोकलं, निळं पडलं की लगेच थांबवायचं. नळी निघून आली तर ज्याला घालायला शिकवलंय त्यानेच घालायची, नाहीतर सरळ हॉस्पिटल. असा तिसरा माणूस तयार झाला की आईला सलग चार-पाच तास झोप मिळते, एवढ्यासाठीच हे सगळं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं ते मशीन, असेल तर लाइट गेल्यावर काय हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा, पावसाळ्याची वाट बघू नका. मशीन साधारण तीनशे वॅट किंवा जास्त खातं, घरचा इन्व्हर्टर ते किती वेळ ओढतो हे दिवसा मुद्दाम मेन बंद करून बघा, पण तोवर बाळ भरलेल्या सिलिंडरवर हवं. आणि तो सिलिंडर, त्याची चावी आणि रेग्युलेटर कायम हाताशी असलेच पाहिजेत. हे काम शेजारच्या काकांना द्या, असली कामं त्यांना आवडतात. गावाला वायरमनचा नंबर, शहरात सोसायटीच्या जनरेटरवाल्याचा नंबर, वीज तक्रारीचा १९१२, सगळे भिंतीवर. त्या खोलीत समई, उदबत्ती, मच्छर कॉइल काही नाही, आणि नाकाओठांना तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही.

त्याच भिंतीवर अजून एक कागद लावा, मोठ्या अक्षरात. बाळ दूध घेत नाहीये किंवा एकदम मलूल पडलंय, शांत असतानाही श्वास मिनिटाला ६० च्या वर जातोय, बरगड्यांखाली छाती खोल आत ओढली जातेय, ओठ-जीभ निळी दिसतेय, झटके येतायत, अंग ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ३५.५ च्या खाली गार लागतंय, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही, १०८ ला फोन आणि फाइल घेऊन निघायचं. ऑक्सिमीटर बाळाच्या प्रोबचाच हवा, कोविडमध्ये घेतलेला बोटात अडकवायचा नाही. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत उपचार आणि गाडी मोफत आहे, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

फॉलोअपला जाताना गाडी चालवायला एक आणि फाइल धरायला एक माणूस हवा, कारण तारखा बऱ्याच असतात. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी झालेलं बाळ असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत सुरू व्हायलाच हवी, ती चुकली तर नजर जाऊ शकते, म्हणून बाकी काही विसरलं तरी ही तारीख कोणीतरी स्वतःच्या मोबाइलमध्ये टाका. कानाची तपासणी असते. लशी जन्मतारखेप्रमाणे, पण वाढ मात्र डॉक्टरांनी आधी दिलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजायची, म्हणजे तीन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी त्याच्याकडून तीन महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा. तेव्हा "अजून मान धरत नाही का गं?" हे तोंडातून काढू नका, प्लीज.

आशाताई आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका, आम्ही मोठ्या हॉस्पिटलचे म्हणून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशा ज्या घरभेटी देतात त्याचं मूळ तिथेच आहे. त्या वजन करतात, श्वास मोजतात, आणि बाळाला हॉस्पिटलमध्ये कधी हलवायचं हे त्यांना चांगलं कळतं.

आई गप्प गप्प असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, मशीन बीप झालं की दचकत असेल, तर तिला "आता आनंदी राहा" सांगू नका. जवळ बसा, आणि दोन आठवडे तसंच चालू राहिलं तर तिच्या डॉक्टरांशी बोला, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि तिला एकटीला सोडायचं नाही. बाबाकडेही बघा, तो बोलणार नाही.

पैशाचं म्हणाल तर चांदीचे वाळे आणि वर्षभराच्या मापाची झबली नकोत, मशीनचं महिन्याचं भाडं भरा किंवा पाकीट आजीच्या हातात द्या. आणि सगळी मदत पहिल्या आठवड्यात ओतू नका, बाबा ऑफिसला जायला लागला की खरी ओढाताण सुरू होते, तेव्हाचे वार आत्ताच वाटून घ्या, सोमवार मावशी, बुधवार शेजारच्या काकू, शनिवार रात्री मामा, आणि यादी फ्रिजवर लावून टाका.